डोंगरपायथ्याशी भूकंपीय सर्वेक्षणात खोलीचं चित्र का चुकतं?

मुख्य कारण वेग. या सर्वेक्षणात जमिनीत कंपनाची लहर सोडतात आणि खडकांच्या थरांवरून परतणारा तिचा प्रतिध्वनी टिपतात. आपण मोजतो तो लहर खाली जाऊन परत यायला लागलेला वेळ, खोली नव्हे. जाऊन-येऊन 2 सेकंद लागले आणि सरासरी वेग सेकंदाला 4,000 मीटर धरला तर खोली 4 किलोमीटर, कारण निम्मा वेळ परतीचा. 5,000 धरला तर 5. कॅनडात अल्बर्टाच्या रॉकी पायथ्याशी वेगवान चुनखडीचे थर मऊ खडकांवर चढून बसलेत. त्यांच्याखालचा सपाट थरही वेळेच्या चित्रात फुगीर दिसतो, आणि तिथे तेल-वायूची विहीर खणणं म्हणजे फसगतच.

त्यात तिरप्या शेलमधून, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पातळ थरांच्या खडकातून, लहर थरांच्या दिशेने जास्त वेगाने धावते. हे धरलं नाही तर लक्ष्य बाजूला सरकलेलं दिसतं. माझ्या मते हीच चूक सर्वांत घातक, कारण चित्र तरीही सुबक दिसतं.

म्हणून चित्राची गणना काल्पनिक सपाट पातळीवरून नको, जमिनीच्या खऱ्या चढउतारांवरूनच करा, आणि वेगाचं मॉडेल भूवैज्ञानिकाला शेजारी बसवून पुन्हा पुन्हा सुधारा.