सही करायच्या आधी पाय मोजून घे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘मावशी, बूट सात नंबरचा दिलाय, माझा चार. दोन-दोन मोजे घालून चालवायलेय. नवी आहे, बोलू का गप्प बसू?’ आणि खाली, ‘बाकी सगळं छान आहे.’ काही छान नाही, माय. पायातला बूट निसटत असताना जी इन्क्लाइन, म्हणजे खाणीत उतरायची उतरती वाट, उतरते, तिचं बाकीचं काय छान असणार?

तू हुशार आहेस, धीर धर, असलं मी लिहीत बसणार नाही. परभणी जिल्ह्यातल्या गावातून डिप्लोमा करून थेट वणीकडच्या कोळसा खाणीत गेलीस, तेव्हा ते सगळं तुझ्यात आहेच. मला फक्त रजिस्टरचं विचारायचंय. स्टोअरच्या इश्यू रजिस्टरमध्ये त्या बुटापुढं सही केलीस का? केली नसशील तर करू नकोस. मापाचं नसेल तर सही नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

का ते नीट ऐक. अपघात झाला की चौकशीत पहिला प्रश्न येतो, साधनं दिली होती का? रजिस्टर उघडतात. तुझी सही असते. म्हणजे दिली होती. मग दुसरा प्रश्न, नीट वापरली का? इथून पुढं सगळं तुझ्यावर. बूट कोणत्या नंबरचा होता हे त्या रकान्यात कुठंच नसतं.

दोन मोज्यांनी बूट मापाचा होत नाही. पुढं पोलादी टोपी असते. पाय लहान असला की बोटं त्या टोपीच्या पूर्ण आत पोचत नाहीत. चालताना बूट वाकतो एका जागी आणि तुझा पाय वाकतो दुसऱ्या जागी, म्हणून टोपीची मागची कड बोटांवर दाबते. टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते. सपाट रस्त्यावर फोड येतो, शिडीवर पाय सटकतो. हातमोज्यांचंही तसंच. बोटांपुढं रिकामा लोंबणारा टोकाचा भाग कन्व्हेयरच्या रोलरला आधी सापडतो, हात त्याच्या मागून जातो.

मास्कचं तर कुणी बोलतच नाही. हवा सोप्या वाटेनं जाते. गालाशी फट असली की धूळ गाळणीतून न जाता त्या फटीतून आत येते, मग गाळणी कितीही भारी असो. मास्क लावून दोन्ही तळवे त्यावर ठेव, जोरात श्वास सोड. गालाला किंवा डोळ्यांखाली वारा लागला तर तो मास्क तुझा नाही. हेल्मेटचा पट्टा आवळून, हनुवटीची दोरी न लावता मान खाली घाल. पडलं तर तुझं नाही. अंबाडा असेल तर खाली बांध, वर बांधलास तर हेल्मेट टेकतच नाही. हार्नेसचा, म्हणजे उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा, मांडीचा पट्टा आवळल्यावर आत सपाट हात जावा, मूठ जाऊ नये.

स्टोअरबाबू म्हणतील, बायांचं माप येतच नाही. त्याचं कारण तुला माहीत असू दे. १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमानं बाईला जमिनीखाली कामाला मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सवलत दिली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत खाण अभियंता आकांक्षा कुमारी उतरल्या तेव्हा सगळीकडं फोटो झळकले. पण पासष्टहून जास्त वर्षं जिथं बाई खाली उतरलीच नाही, तिथल्या मागणीपत्रात चार नंबर कोण लिहिणार? तो लिहायला लावणं तुझ्या वाट्याला आलंय. चार-पाच नंबरचे सेफ्टी बूट आपल्या देशात बनतात. मागवले की येतात.

माझ्याबद्दल तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल, फार भांडकुदळ बाई होती म्हणून. होते. चुनखडीच्या खाणीत सॅम्पलिंगला असताना मी रजिस्टर सही न करता परत करायची. ‘बाई, सगळ्यांना हेच मिळतं,’ असं उत्तर यायचं. सगळ्यांना म्हणजे सगळ्या पुरुषांना. बढतीच्या यादीत माझं नाव खाली जात राहिलं आणि घरचेही म्हणाले, एका बुटासाठी एवढं कशाला? आज विचारशील तरी मी हेच सांगेन की मी बरोबर होते. मला जी खंत आहे ती वेगळी. माझ्यासोबत एक होती, माझ्यापेक्षा चांगली भूशास्त्रज्ञ, स्वभावानं मऊ. मोठ्या बुटात बेंचवरून, म्हणजे खाणीच्या पायरीवरून, घसरली, घोटा मोडला. अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. रजिस्टरला तिची सही होती. ती पुन्हा कामावर आली नाही. म्हणून मी एकच एक सांगत सुटते, तुला कंटाळा आला तरी. मापाचं नसेल तर सही नाही.

आणि सुट्टीत गावी येशील तेव्हा जालन्याकडच्या खडी क्रशरवर जरा थांब. तिथल्या बाया बघ. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला पदर, पायात रबरी चप्पल. सहा मीटरपेक्षा खोल गेलेली, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं लावणारी किंवा सुरुंग लावणारी दगडखाण कायद्यानं खाणच असते, तिला सुरक्षेचे नियम लागतात. त्या बायांपुढं रजिस्टरच येत नाही, मग सही नाकारणार कशावर? तुझ्यापुढं येतं. तरी तू विचारतेस, गप्प बसू का?

आता कामाचं. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कामाचे मोजे घालून कागदावर उभी राहा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत दोन्ही पाय मोज, मोठा तो धर. मग मॅनेजरच्या नावे चार ओळी लिही. मिळालेला बूट सात नंबरचा, माझं माप चार, हा घालून भूमिगत काम सुरक्षित नाही, मापाचा बूट द्यावा. तारीख घाल. आवक विभागात शिक्का मारून पोच घे. सही आधीच करून बसली असशील तर याच पत्रात तसं लिही, लपवू नकोस. सुरक्षा समितीत जो कामगार प्रतिनिधी असेल त्याला एक प्रत दे. आठवडाभर कुणी हललं नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथं लिहायचं. तोवर त्या बुटात खाली उतरायला सांगितलं तर वरचं काम माग, तेही लेखी. सुरुवातीला चिडतील. चिडू दे.

पोच मिळाली की फोटो पाठव. आणि उरलेल्या दोघी-तिघींचे पायही मोजून घे, एकाच पत्रात सगळ्यांची मापं गेली तर स्टोअरला मागणी काढणं सोपं जातं.

तुझी,
मावशी