जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवताना

भावा, साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर दुकानात जायच्या आधी घरीच विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलंस की स्लॉट (रॅमची पट्टी बसवायच्या जागा) किती, भरलेत किती, स्पीड किती, सगळं दिसतं. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही.

खरी गल्लत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या दोन प्रकारांत. दोन्हींना २०४ पिना, खाचही एकाच जागी, त्यामुळं बसतात अगदी सारख्या. पण साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर, एलवाली १.३५ वर. २०१३ नंतरच्या बऱ्याच डीडीआर३वाल्या लॅपटॉपना एलच लागते. साधी बसवली की स्क्रीन काळी. म्हणून जुनी पट्टी काढून स्टिकर नीट वाच, पीसी३ (म्हणजे साधी) आहे की पीसी३एल (म्हणजे एलवाली), आणि तीच पट्टी सोबत घेऊन जा. साताऱ्यात मिळेल ते घेऊन नंतर बदलत बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

बसवताना चार्जर काढ, बॅटरी काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर. पट्टी तिरकी सरकव, सोनेरी कडा जवळजवळ आत गेली पाहिजे, मग खाली दाब. दोन्ही बाजूच्या क्लिपा 'कट्' वाजतात. चालू झाला नाही तर घाबरू नको, बहुतेकदा पट्टी अर्धवट बसलेली असते. काढ, कडा खोडरबरानं हलकीशी पूस, भुसा झटक, परत बसव.

आणि हार्ड डिस्क अजून जुनी फिरतीच असेल, तर माझं मत विचारशील तर आधी एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) टाक.