वाचकांचे प्रश्न: शहरभरच्या कलाप्रदर्शनासाठी जागा

प्रश्न (रत्नागिरी): समकालीन कलेचं प्रदर्शन शहरभर भरवायचं आमच्या मंडळाने ठरवलं आहे. गोदामं, शाळा, दोन जुनी घरं, नाट्यगृहाची लॉबी अशा पंधरा जागा द्यायला लोक तयार आहेत. सगळ्या घ्याव्यात का?

नका घेऊ. पाच-सहा पुरेत, पण त्या एकमेकींपासून पायी जाता येतील अशा हव्यात. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचा फेरा दोन किलोमीटरच्या आत बसवा. रत्नागिरीत चढ-उताराचाही विचार करावा लागतो. मांडवीला एक खोली आणि थिबा राजवाड्याच्या बाजूला दुसरी ठेवलीत, तर मधला चढ भर दुपारी कोणी चालणार नाही. कोचीच्या बिएनालेतही (दर दोन वर्षांनी शहरभर भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) बहुतेक जागा फोर्ट कोची आणि मट्टणचेरीत एकवटलेल्या असतात. अॅस्पिनवॉल हाउस, पेपर हाउस ही तिथली व्यापाराची जुनी आवारं. पाण्यापलीकडे एर्नाकुलमला असलेल्या दरबार हॉलसाठी मात्र वेगळा वेळ काढून जावं लागतं.

प्रत्येक जागेला सकाळ-संध्याकाळ मिळून किमान दोन माणसं लागतात. पंधरा जागा म्हणजे रोज तीस माणसं, आणि पहिला आठवडा सरला की स्वयंसेवक गळायला लागतात. कुलूप लागलेली एक खोली पाहून माणूस पुढच्या चार खोल्यांकडे फिरकत नाही. साप्ताहिक सुट्टीही सगळीकडे एकाच वारी ठेवा.

दिवस निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. ऑक्टोबरात भिंतींनी पावसाचं पाणी अजून सोडलेलं नसतं. कोचीची पहिली बिएनालेही 2012 साली 12 डिसेंबरलाच उघडली होती. आपल्याकडे दुसरं टोक आंबा ठरवतो. हापूसची पेटी भरायला लागली की बागायतदाराला त्याचं गोदाम परत हवं असतं, आणि पाठोपाठ शिमगा येतो. करारात जागा सोडण्याची तारीख लिहून घ्या, आणि ताबा घेतानाच भिंती, फरशी, दारं यांचे फोटो काढून त्यावर दोघांच्या सह्या करा.

प्रश्न (मालवण): बाजारात कौलारू, चिऱ्याच्या भिंतींचं जुनं गोदाम मिळतंय. भिंतीला खाली ओल आहे. चित्रं कशी लावावीत?

आधी ओल कुठून येते ते पाहा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे, म्हणजे हवा खेळती ठेवून भागेल.

भिंतीतली ओल प्रदर्शनापुरती थांबवता येत नाही. घाईघाईने प्लास्टिक पेंट फासण्याचा मोह होतो, तो आवरा. रंगामागे पाणी कोंडतं आणि पंधरवड्यात पापुद्रे सुटतात. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार, फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने पुसलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि दुप्पट जोमाने वर येतात.

जांभ्यात, म्हणजे चिऱ्याच्या दगडात, खिळाही धरत नाही. दगड सच्छिद्र असतो. हातोडीचा मार बसला की भोक मोठं होतं, गिट्टी फिरते आणि फ्रेम कधीतरी रात्री खाली येते. म्हणून मूळ भिंतीला हात न लावता तिच्यापुढे स्वतःच्या पायावर उभी राहणारी भिंत करा. दोन बाय दोन इंची लाकडी चौकट आणि त्यावर 12 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण दमट हवेत कडेने फुगतो. नवी भिंत जुन्या भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा, जमिनीपासून दोन इंच उचला आणि वरून मोकळी सोडा, म्हणजे मागून हवा फिरते. पूर्ण प्लायच्या एका शीटचं वजन वीस किलोच्या वर जातं. चौकटीला मागे तिरके पाय द्या आणि त्यांच्यावर वाळूची पोती ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साध्या लोखंडी स्क्रूचे गंजाचे ओघळ पांढऱ्या रंगावर लगेच उठतात. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 150 सेंटिमीटरवर आणा.

छताकडे दुर्लक्ष करू नका. कौलांतून माती, पालापाचोळा आणि वटवाघळांची घाण खाली पडते, म्हणून कामांच्या वर सुती कापड ताणून घ्या. तुळईला काही टांगायचं असेल तर तिची टोकं, जिथे ती भिंतीत जाते तिथे, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. स्क्रू-ड्रायव्हर सहज आत रुतला तर लाकूड वाळवीने किंवा कुजून पोकळ झालं आहे, आणि त्या तुळईवर पंखासुद्धा टांगू नये.

कागदावरची कामं अशा गोदामात नकोतच, असं आमचं स्पष्ट मत आहे. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशी धरते. कौलांच्या फटींतून हवा सतत येत-जात असल्याने तिथे एसी लावून काही साधत नाही, आणि ओल शोषणारं सिलिका जेल फक्त बंद पेटीत काम करतं. छापचित्रं, जलरंग, फोटो हे स्लॅबच्या खोलीत न्या. तिथेही कागद काचेला चिकटू देऊ नका, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा आणि कामावर पडणारा प्रकाश 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंद ठेवा. गोदाम दगड, मातीकाम, लाकूड, दोरखंड, जाळी यांना द्या. मोठी, जड कामं त्या उंचीखाली खुलतात.

प्रश्न (वेंगुर्ला): शाळेच्या वर्गात व्हिडिओ दाखवायचा आहे. कोणता प्रोजेक्टर लागेल?

भाड्याने घेण्याआधी त्याचा थ्रो रेशो विचारा. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणलं की प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा ते अंतर मिळतं. रेशो 1.5 असेल आणि चित्र तीन मीटर रुंद हवं असेल, तर साडेचार मीटर लागतात. वीस फुटी वर्गात ते बसतं, पण प्रेक्षक मध्ये येऊन त्यांच्या सावल्या पडतात. 0.5 रेशोच्या शॉर्ट थ्रोला दीड मीटर पुरतो. खोली नीट अंधारी असेल तर प्रोजेक्टरचा उजेड 3000 ते 3500 ल्युमेन्स असला तरी पुरतो.

अंधार करणं हेच खरं काम. खिडक्यांना काळं कापड दुहेरी लावा. दाराशी एकच पडदा पुरत नाही. दोन पडद्यांमध्ये वळण ठेवा, म्हणजे माणूस आत येताना उजेड सोबत येत नाही. तीस सेंटिमीटर मोकळी जागा प्रोजेक्टरच्या पंख्याभोवती राहू द्या आणि फिल्टर दर तीन-चार दिवसांनी साफ करा. दिवा असलेल्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच. वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा जातो. जुन्या शाळांत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फरशीवर आवाज घुमतो, त्यावर सतरंज्या अंथरणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

प्रश्न (मालवण): एखादं काम सिंधुदुर्ग किल्ल्यात किंवा किनाऱ्यावर ठेवता येईल का?

सिंधुदुर्ग राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. आत कार्यक्रमासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते, आणि तटाला खिळा मारणं तर सोडाच. अशा स्मारकाभोवतीचे 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. जेट्टीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं, आणि किनाऱ्यावर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम लागू होतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री दहाला बंद. या परवानग्यांना महिने जातात, तेव्हा डिसेंबरसाठी अर्ज पावसाळ्यापूर्वीच द्या, आणि परवानगी हातात येईपर्यंत कलावंताला काम सुरू करायला सांगू नका. पुळणीवर काही उभं करायचं झालंच, तर आधी उधाणाच्या भरतीची रेषा तिथल्या रापणकरांकडून (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडून) विचारून घ्या.