वाचकांचे प्रश्न : समुपदेशक घडवताना

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवते. आमचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी शाळांमध्ये जातात. शिरोळ तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे घर २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले होते. चिखलीची एक शाळकरी मुलगी तिच्याशी पावसाळ्याच्या भीतीबद्दल बोलू लागली, तेव्हा विद्यार्थिनीला रडू कोसळले आणि उरलेला वेळ तिने स्वतःचीच हकिकत सांगितली. आता ती म्हणते, “मॅडम, हे काम मला जमणार नाही.” तिला प्रात्यक्षिकातून काढून प्रकल्पलेखन द्यावे, असे सहकारी सुचवतात. मी काय करावे?
– एक प्राध्यापिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

उत्तर : प्रथम त्या शाळकरी मुलीकडे लक्ष द्यावे. ती आपली भीती घेऊन आली आणि दुसऱ्याचे दुःख ऐकून परत गेली, त्यामुळे या आठवड्यातच एखाद्या अनुभवी समुपदेशकाने तिला भेटणे आवश्यक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की नदीकाठच्या घरांत आवराआवर सुरू होते आणि ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. दरवर्षी हे आकडे ऐकत वाढणाऱ्या मुलीला “काही होत नाही, घाबरू नकोस” असे कोणीही सांगू नये.

विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकातून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहकाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी ती त्या निर्णयाचा अर्थ ‘मी अपात्र आहे’ असाच घेईल. त्याऐवजी तिला ती बैठक आठवेल तशी, वाक्यागणिक लिहून काढायला सांगावी आणि ती नोंद तुम्ही दोघींनी मिळून वाचावी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये एका सल्लार्थीच्या (समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीच्या) ध्वनिमुद्रित बैठकी शब्दशः प्रसिद्ध केल्या, आणि समुपदेशकाचे नेमके कोणते वाक्य संभाषणाला कोठे नेते, हे विद्यार्थ्यांना कागदावर तपासता येऊ लागले. समजा, नोंदीत मुलीचे वाक्य आहे, “पाणी वाढलं की आई कागदपत्रं पिशवीत भरते,” आणि त्यावर विद्यार्थिनी म्हणाली आहे, “आमची तर सगळीच भिजली होती.” संभाषण येथे वळले. या ओळीवर थांबून, त्या क्षणी तिच्या मनात काय आले, हे विचारावे आणि तिचे पूर्ण ऐकून घ्यावे. चूक दाखवण्याची घाई नको, कारण तुम्ही तिचे जसे ऐकाल तसेच ऐकायला ती शिकणार आहे. मग त्या ओळीला दुसरे उत्तर तिचे तिलाच शोधू द्यावे. “आई पिशवी भरते तेव्हा तू कुठे असतेस?” एवढा साधा प्रश्नही मुलीला पुढे बोलते करू शकला असता.

समुपदेशकाने स्वतःविषयी कधीच बोलू नये, असे मात्र तिला शिकवू नका. एखादे वाक्य सल्लार्थीच्या उपयोगाचे असेल, तर ते जरूर बोलावे. त्यानंतर संभाषण पुन्हा सल्लार्थीकडे गेले पाहिजे.

तिच्या मनात साचलेल्या दुःखाचे समुपदेशन तुम्ही स्वतः करू नये, हे मी आग्रहाने सांगते. जी व्यक्ती गुण देते, तिच्यापुढे विद्यार्थी मनातले सगळे बोलू शकत नाही आणि त्याने तसे बोलावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. त्यासाठी विभागाबाहेरील समुपदेशकाचे नाव तिला सुचवावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. शिवाय तिच्या रडण्याची चर्चा स्टाफरूममध्ये होत असेल, तर ती आजच थांबवावी.

पुढील काही आठवडे तिला वर्गात रोल प्लेचा (समुपदेशक व सल्लार्थीच्या भूमिका घेऊन बोलण्याचा) सराव द्यावा, शाळेच्या परवानगीने एखाद्या बैठकीत केवळ निरीक्षक म्हणून बसवावे आणि नंतर अभ्यास, मैत्री अशा विषयांवर बोलू पाहणारी मुले तिच्याकडे सोपवावीत. पुराविषयी बोलणारे मूल लगेच तिच्याकडे पाठवू नये. तिने स्वतःहून तयारी दाखवली, तर त्या दिवशी तुम्ही शाळेतच थांबावे, म्हणजे बैठक संपताच तिला तुमच्याशी बोलता येईल.