फुटलं की वळव

बाबू,

परवा पारावर तू म्हणालास, "काका, रात्री दोनलाही डोकं बंद होत नाही." आणि लगेच मोबाइलवर ध्यानाची तीन अ‍ॅप दाखवलीस. तेवढ्यात बस आली, माझं बोलणं राहून गेलं.

तू बसतोस ते विचार बंद करायला. चुकतं ते तिथंच. हरभऱ्याच्या ओलिताला बाबांसोबत गेलायस ना? रात्रीची लाइन, पायाखाली थंडगार चिखल, आणि पाणी न्यायचा मातीचा दांड फुटला की पाणी भलत्याच सरीत. बाबा पाण्याला शिव्या देत उभे राहतात काय? फावडंभर माती टाकतात, पाणी वळवतात. वीसदा फुटला तर वीसदा. (आता तुषारचे पाइप आले, पण तू दांड पाहिलाय.) मन गेलं, कळलं, श्वासावर परत आणलं. झालं ध्यान. भरतीच्या निकालाचा विचार आला तर मनात नुसतं 'निकाल' म्हण आणि वळव. निकाल काय लागेल याचं कोर्ट तिथं भरवू नको.

मला हे कळायला उशीर झाला. तिशीत इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. तिथं पहिले साडेतीन दिवस मौन पाळून नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा पाहायचा. मला वाटलं, यासाठी बडनेऱ्याहून रात्रभर उभा आलो? चौथ्या दिवशी, नेमकी विपश्यना शिकवायच्या दिवशी, "घरी सीतादही आहे, वेचणी अडली" अशी थाप मारून निघालो. सीतादही म्हणजे कापूस वेचणीच्या आधीची पूजा, तिला अजून पंधरा दिवस होते. थांबा म्हणून त्यांनी जीव तोडून सांगितलं. दोष माझाच. घरी तोंड कसं दाखवू म्हणून उरलेले दिवस शेगावात काढले.

पळालोच. पण श्वास सोबत आणला की नाही? तेव्हापासून रोज ओट्यावर बसतो. दहा दिवस पुरे करून आलेले किती जण आज बसतात, विचार त्यांना! तुझी काकू म्हणते, एवढं बसून राग कुठं गेला? नाही गेला. पण हात ताटाकडे चालला हे आता आपटायच्या आधी कळतं. कधी कळूनही आपटतो. तरी कळतं, बाबू. तेवढ्यासाठीच बसायचं.

मोझरीला तुकडोजी महाराजांनी सामुदायिक ध्यान लावलं, त्यात मला मोठं शहाणपण दिसतं. ठरली वेळ, ठरली जागा, शेजारी चार माणसं. मूड कोण विचारतो? तू दहाच मिनिटं बस, पण रोज. फुटलं की वळव. तिसऱ्या दिवशी "काही होत नाही" म्हणत आलास तर मी ऐकणार नाही. ते वाक्य माझं आहे.

मात्र पंधरा-पंधरा दिवस झोप नसेल, जेवण जात नसेल, जगण्यावरनंच मन उठलं असेल, तर नुसता डोळे मिटून बसू नको. 14416 ला फोन लाव. सरकारी टेलि-मानस आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लाजेपायी आपल्या भागात किती घरं उजाड झाली, हे तुला मी सांगावं काय?

सोमवारी पहाटे साडेपाचला ओट्यावर ये. फोन घरी ठेव. आणि काकूजवळ इगतपुरीचा विषय निघाला तर गप्प राहा. मी दहाही दिवस पुरे केले असंच तिला माहीत आहे.

तुझा,
काका