नव्या यकृतात जुना आजार?

प्रश्न : ‘पीएससी’ या पित्तनलिकांच्या आजारामुळे माझ्या धाकट्या भावाचे चार वर्षांपूर्वी यकृत प्रत्यारोपण झाले. यकृताचा भाग वहिनीने दिला होता. परवाच्या तपासणीत बिलिरुबिन (काविळीचा आकडा) नॉर्मल आहे, पण अल्कलाइन फॉस्फटेज हे पित्त अडले की रक्तात वाढणारे विकर 410, म्हणजे नॉर्मलहून बरेच जास्त आले, म्हणून एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करायला सांगितली आहे. आजार उलटला का? पथ्यात त्याचे काही चुकले का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पथ्याचा येथे संबंध नाही, घरात कोणी भावाला तसे बोल लावत असेल, तर ते आधी थांबवावे. पीएससीमध्ये पित्तनलिका सुजून जागोजागी आवळत जातात. प्रत्यारोपणाने यकृत बदलते, परंतु आजार ज्या शरीरात उद्भवला ते शरीर तेच राहते, त्यामुळे साधारण पाचांपैकी एका रुग्णात तो काही वर्षांनी नव्या यकृतातही दिसू लागतो.

मात्र 410 या एका आकड्यावरून तसे निदान करता येत नाही. जिवंत दात्याकडून मिळालेल्या यकृताच्या पित्तनलिका बारीक आणि कधी एकाहून अधिक असतात, त्यामुळे जोडाच्या जागी त्या अरुंद होणे हे नेहमीचे कारण आहे. शिवाय नव्या यकृतातील नलिकांना रक्त पुरवते ती प्रामुख्याने यकृताची रोहिणी; तीत अडथळा आला तरी एमआरसीपीचे चित्र पीएससीसारखेच दिसू शकते, म्हणून सोबत रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी झाली आहे ना, हे जरूर विचारावे. रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवे यकृत नाकारत असल्याची शंका असल्यास बायोप्सी (यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी) लागते. ही कारणे बाजूला सारल्यावरही नलिका अनेक ठिकाणी आवळलेल्या दिसल्या, तरच आजार परतला असे म्हणतात.

तो परतला असला, तरी त्याला रोखणारे सिद्ध औषध आज नाही. अर्सो या पित्त पातळ करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी आकडा उतरतो. आजार थांबतोच असे नाही. मोठी नलिका अरुंद झाली असेल तर ती फुग्याने रुंद करता येते. पित्तनलिका थेट आतड्याला जोडलेली असल्यास तोंडावाटे दुर्बीण तेथवर नेणे अवघड जाते आणि पोटाच्या त्वचेतून मार्ग काढावा लागतो, म्हणून शस्त्रक्रियेचा मूळ कागद सोबत न्यावा. मोजक्या रुग्णांना पुढे दुसरे प्रत्यारोपण लागते.

भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे पीएससीसोबत अनेकदा आढळणारा मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार असेल, तर तो आटोक्यात ठेवावा आणि दरवर्षी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्यावी. थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉलवर रात्र काढू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.