वाचक विचारतात : घरच्या फियाटमधून मुंबई दाखवायची आहे

जुन्या गाडीतून, सोबत गाइड घेऊन शहर पाहण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : सासऱ्यांची १९७० सालची फियाट अकराशे घरी आहे, चालू स्थितीत. दिवाळीनंतर नागपूरहून पाहुणे येतील तेव्हा गाइड घेऊन त्यांना या गाडीतून दक्षिण मुंबई दाखवायचा विचार आहे. कायद्याची काही अडचण येईल का? ‘विंटेज’ नंबर घेऊन ठेवावा का? पुढे पैसे घेऊन अशा फेऱ्या केल्या तर?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

घरच्या माणसांना घरच्या गाडीतून फिरवायला अडचण नाही. मात्र पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी (ती दर पाच वर्षांनी करावी लागते), पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे सगळं चालू मुदतीचं हवं. गाइडला त्याच्या कामाचे पैसे दिले म्हणून गाडी भाड्याची ठरत नाही.

विंटेज नंबराची घाई मात्र करू नका. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यानुसार विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोजचा किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. पाहुण्यांना गेटवे दाखवणं यातल्या कशातच बसत नाही. गाडी चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवणं हिताचं.

पैसे घेऊन फेऱ्या करू नका, हे स्पष्टच सांगतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली तर परमिटचा भंग होतोच, शिवाय खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि परमिट मिळेल म्हणावं तर मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी (फियाट अकराशेचंच पुढचं नाव) २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती, ती याच मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली.

प्रश्न : ठाण्याहून जुन्या गाडीने जायचं तर रस्ता कुठला आणि निघायचं कधी? ईस्टर्न फ्रीवेने पाऊण तासात पोचता येईल असं मुलगा म्हणतो.
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

मुलाचा हिशेब नव्या गाडीसाठी बरोबर आहे. फ्रीवे जवळजवळ १७ किलोमीटरचा आहे, त्यातला बराचसा उन्नत, मधे बोगदेही आहेत. तिथे गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा नाही आणि मागून येणारी वाहनं वेगात असतात. पन्नास वर्षं जुन्या गाडीसाठी ही जोखीम आम्हाला पटत नाही.

रविवारी सकाळी सहाच्या आत तीन हात नाक्यावरून निघा. पूर्व द्रुतगती महामार्गाने शीव, आणि तिथून डॉ. आंबेडकर मार्ग : माटुंगा, दादर टीटी, परळ, लालबाग, भायखळा. अंतर साधारण ३५ किलोमीटर. ताशी ५० चा वेग धरलात तरी पावणेसातपर्यंत सहज पोचाल. या रस्त्याला जागोजागी पेट्रोल पंप आहेत, थांबायला कडेला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे रस्ताच पाहण्यासारखा आहे. लालबागचा उड्डाणपूल टाळून खालून जा. गिरणगावाच्या खुणा पुलावरून दिसत नाहीत. पुढे जेजे पुलावरही चढू नका. खालच्या महंमद अली रोडने थेट क्रॉफर्ड मार्केटपाशी, म्हणजे महात्मा फुले मंडईपाशी उतरता. ही मंडई १८६९ची. दरवाजांवरची शिल्पपट्टी शिल्पकार लॉकवूड किपलिंगची आहे आणि गाडीच्या खिडकीतून मान थोडी वर केली की दिसते.

परतीला मात्र दहाच्या आत मुंबई सोडा. अकरानंतरचं ऊन आणि सिग्नल जुन्या रेडिएटरला झेपत नाहीत.

आणि एक पर्याय मनापासून सुचवतो. घरात चार हौशी माणसं असतील तर गाडी एकाने पहाटे पुढे न्यावी आणि बाकीच्यांनी ठाण्याहून लोकलने सीएसएमटी गाठावं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली ती याच मार्गाने, चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं घेऊन. मुंबईदर्शनाची याहून योग्य सुरुवात ठाणेकराला मिळायची नाही.

प्रश्न : आमची पद्मिनी गावात छान चालते, पण गेल्या उन्हाळ्यात वाशी पुलानंतरच्या कोंडीत दोनदा बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. मेकॅनिक म्हणतो कॉइल बदला. बदलली, तरी तेच. काय असेल?
– एक वाचक, ऐरोली

‘गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू’ या दुखण्याची मुख्य कारणं दोन. कॉइल आणि कंडेन्सर हे पहिलं, पेट्रोलची वाफ हे दुसरं. कॉइल बदलून झालं म्हणता, तर दुसऱ्याकडे वळा.

पद्मिनीचा एसी पंप (म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप) इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो. कोंडीत गाडी उभी राहिली की बॉनेटखालची हवा तापते, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा द्रव ओढण्यासाठी केलेला आहे; वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी दोन आचके देऊन बंद होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ७८ अंशांना उकळतं आणि मिश्रणाची वाफ आणखी सहज होते.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. गाडी बंद पडली की इंजिन थोडं निवू द्या, मग कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सैल करून स्टार्टर फिरवा. नळीचं तोंड कापडात धरा आणि जवळ ठिणगी नको. पेट्रोल न येता फुसफुस आली तर निदान पक्कं. जुने टॅक्सीवाले ओलं फडकं पिळून पंपावर गुंडाळायचे, ते अजूनही लागू पडतं : पाच-सात मिनिटांत वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. फडकं डिस्ट्रिब्युटरवर ठिबकणार नाही एवढं बघा.

कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून जमेल तितकी लांब नेणं, पंप आणि इंजिनच्या मधला जाड इन्सुलेटर व गॅस्केट जागेवर आहे का पाहणं (दुरुस्तीत तो बरेचदा हरवलेला असतो), आणि रबर बदलणं. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ होतं, त्याचे कण जेटमध्ये अडकतात. नवी नळी घेताना तिच्यावर ‘३० आर ९’ हा छाप बघून घ्या. पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणारा मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी बसतं.

तापमानाचा काटा चढत असेल तर तो प्रश्न वेगळा. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावर फिरतात, म्हणून इंजिन मंद सुटलं की पंखाही मंद. सिग्नलला गियर काढून ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवा. तरीही काटा लाल रेषेकडे सरकला तर कडेला थांबा, बॉनेट उघडा आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. मग जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब निघून जाऊ द्या, आणि पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू घाला. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्याने हेड तडकतं.

डिकीत ठेवायच्या वस्तू : फॅनबेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, ०.४ ते ०.५ मिलिमीटरची फट मोजायला फिलर गेज, होजपाइपचे क्लॅम्प, फ्यूज, ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी. ब्रेक ऑइल विसरू नका. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची एकच लाइन असते. एक व्हील सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात. निघायच्या आदल्या दिवशी चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. ओलसर चिकट लागलं तर सहल पुढे ढकला.

प्रश्न : गाइड चांगला आहे हे आधी कसं ओळखावं? गाडीत त्याला बसवायचं कुठे?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं किंवा राज्याचं ओळखपत्र आहे का, ते आधी विचारा. त्यानंतर फोनवरच एक प्रश्न टाका : फ्लोरा फाउंटनपाशी तुम्ही काय सांगता? जो १८६४च्या कारंज्यावर थांबतो तो अर्धाच गाइड. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आणि त्या चौकाचं आजचं नाव ज्याच्या तोंडी आपसूक येतं, त्याला घ्या. सीएसएमटीपाशी तिचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स याच्या जोडीने नाना शंकरशेटांचं नाव घेतो का, हेही बघा.

गाइड ड्रायव्हरशेजारी, पाहुणे मागे तीन. चौथा मागे कोंबू नका. आणि चालत्या गाडीत त्याला बोलायला लावू नका. खिडक्या उघड्या, इंजिनचा आवाज, त्यात मागे वळून बोलणारा माणूस : मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही आणि ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं. सहा-सात थांबे ठरवा, बोलणं थांब्यावर. त्याला ठाण्याहून न्यायची गरज नाही, सीएसएमटीला बोलवा. तास, भाषा आणि नाश्त्याचा खर्च कोणाकडे हे आधीच ठरलेलं बरं.

कोण कुठल्या बाजूला बसतो यालाही महत्त्व आहे. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे जाताना समुद्र डाव्या खिडकीला येतो, आर्ट डेको इमारती रस्त्यापलीकडे राहतात. म्हणून चौपाटीला वळून परत दक्षिणेकडे या. मग गोलाकार गच्च्या आणि सज्जे डाव्या खिडकीशी येतात. ज्येष्ठांना डावीकडे बसवा.

उजेडाचंही तसंच. सीएसएमटी, एशियाटिकच्या पायऱ्या आणि राजाबाई टॉवर यांची तोंडं पश्चिमेला आहेत, सकाळी ती सावलीत असतात. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग मात्र सकाळच्या उन्हात उजळते. तिथे गाडी उभी करून मैदानात मधोमध चालत जा. एका अंगाला गॉथिक, दुसऱ्या अंगाला डेको. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवलं ते का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

प्रश्न : ठाण्यात लग्नासाठी ‘विंटेज कार’ भाड्याने मिळतात. तशी एक घेऊन आईवडिलांना फिरवावं का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

या गाड्यांत बऱ्याचदा जीप किंवा मारुतीच्या चासीवर जुन्या धाटणीची बॉडी चढवलेली असते. आत नव्या गाडीचं स्टिअरिंग, दाराच्या आधुनिक कड्या, डिझेलची धडधड ही त्याची लक्षणं. वरातीत ताशी पाच किलोमीटरने चालायला ते पुरतं, महामार्गावर नाही. पाटी पिवळी आहे का आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकल्यावर दिसणारा गाडीचा प्रकार, विमा, फिटनेस यांचा मेळ बसतो का, ते पाहा. बसत नसेल तर साधी टूरिस्ट गाडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला गाइड करा.

प्रश्न : आजोबांचे गुडघे दुखतात, मुंबईपर्यंत जमणार नाही. ठाण्यातल्या ठाण्यात जुन्या गाडीतून काय दाखवता येईल?
– एक वाचक, राम मारुती रोड, ठाणे

भरपूर! रविवारी सकाळी साडेसहाला कौपिनेश्वरापासून सुरू करा, जांभळी नाक्याचा बाजार भरायच्या आत. मासुंदा तलावाला एक संथ फेरी घाला, तिथेच सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च आहे. मग टेंभी नाक्यावरचं १८७९चं सिनेगॉग, आणि पुढे कारागृह. हाच ठाण्याचा पोर्तुगीज किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते इथूनच. तिथे गाडी थांबवायची नाही, फोटोही काढायचे नाहीत, त्यामुळे हकिकत आधी सांगून ठेवा. शेवटी उपवन. सगळं मिळून दहा किलोमीटरच्या आत.

घोडबंदर किल्ल्याचा मोह होईल, पण गायमुखच्या घाटात अवजड वाहनांच्या मागे अर्ध्या क्लचवर रखडावं लागतं. जुनी क्लचप्लेट तिथेच जळते. येऊरचा चढही याच कारणासाठी नको.

प्रश्न : पाम बीच रोडने जुन्या गाडीतून फ्लेमिंगो दाखवता येतील का?
– एक वाचक, नेरूळ

येतील, पण पाम बीचवर गाडी थांबवून नाही. सीवूड्सच्या आतल्या रस्त्याला लावा आणि डीपीएस तळ्यापर्यंत चालत जा. भरतीची वेळ पाहून निघा : खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की पक्षी तळ्यांकडे सरकतात. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. गाडी तळ्यापासून लांबच बंद करा, जुन्या सायलेन्सरचा एक फटाका पुरे होतो.